कुटुंब, पैसा आणि शिष्यत्व : पुण्यातील मराठी ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या मराठी मंडळ्यांमध्ये बायबल अभ्यासाच्या वेळी, उपासनेनंतरच्या चहापाण्यात आणि घरगुती प्रार्थनासभांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांतील काहींची उत्तरे येथे दिली आहेत. मुख्य आधार चार शुभवर्तमानांचा आहे. गरज पडली तेथे पत्रांकडे आणि जुन्या कराराकडे वळलो आहोत. कायद्याचे उल्लेख सर्वसाधारण माहितीपुरते आहेत, प्रत्यक्ष व्यवहारात वकिलाचा सल्ला घ्यावाच.

लूक 14:26 मध्ये येशू आई-वडिलांचा, बायको-मुलांचा द्वेष करायला सांगतो. ‘आपल्या बापाचा व आईचा मान राख’ या आज्ञेच्या हे विरुद्ध नाही का?

हेच वचन मत्तय 10:37 मध्ये ‘माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही’ अशा आशयाने आले आहे आणि दोन्ही वचने एकत्र वाचली पाहिजेत. याकोबाची आपल्या दोन बायकांपैकी राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती असे सांगून उत्पत्तीचे पुस्तक लगेच पुढच्या ओळीत लेआ नावडती (मूळ शब्दाने ‘द्वेष केलेली’) होती असे म्हणते. कोणाला मागे ठेवले हे सांगण्याची शास्त्राची ती जुनी पद्धत आहे. येशू आई-वडिलांविषयी मनात वैर धरायला सांगत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

मात्र एवढे स्पष्टीकरण देऊन सुटकेचा नि:श्वास टाकण्याची घाई आपण करतो आणि वचनाची धार घालवून बसतो. गालीलातल्या माणसाचा धंदा, जमीन, लग्न, म्हातारपण आणि कबरसुद्धा घराच्या हाती होती. मार्क 1:20 मध्ये याकोब व योहान आपल्या बापाला, जब्दीला, मजुरांबरोबर तारवात ठेवून निघून जातात, तेव्हा ते चालता धंदा आणि त्यातला आपला वाटा मागे टाकतात. घराच्या मर्जीबाहेर गेल्याची किंमत पुण्याला समजावून सांगण्याची गरज नाही. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले होते. ज्यांनी बाप्तिस्माच घेतला, त्यांच्यासाठी घराचे दार कसे लागले असेल, हे त्यावरून ताडता येते.

मार्क 10:29-30 मध्ये एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुले आणि शेते सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल असे सांगून येशू मिळणाऱ्या गोष्टींची यादी देतो, तेव्हा त्या यादीत बाप नाही. बहुधा हे सहज राहून गेलेले नाही, कारण नव्या कुटुंबात हुकूम चालवणाऱ्या बापाची जागा स्वर्गीय पित्यासाठी राखलेली आहे (मत्तय 23:9). मंडळीत स्वतःला सर्वांचा बाप समजणाऱ्या पुढाऱ्यांनी ही यादी अधूनमधून वाचावी.

आमचा मुलगा पगाराचा मोठा भाग सेवाकार्याला देतो आणि आम्हाला म्हणतो, ‘देवाचे आधी, मग तुमचे.’ हे शास्त्राला धरून आहे का?

नाही, आणि येथे येशूचे मत संशयाला जागा ठेवत नाही. मार्क 7:9-13 मध्ये तो परूशी व शास्त्री यांना नेमका हाच जाब विचारतो. आई-वडिलांना माझ्याकडून जे मिळाले असते ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे मुलाने एकदा बोलून टाकले की नवस मोडता येत नाही या कारणाखाली त्याला आई-बापांसाठी काहीही करू दिले जात नसे. येशू म्हणतो की अशा संप्रदायाने तुम्ही देवाचे वचनच रद्द करता. तेथे ‘मान राखणे’ याचा अर्थ पाया पडणे किंवा वाढदिवसाला केक आणणे असा नसून धान्य, औषध आणि म्हातारपणचा आधार असा आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:8) घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट म्हटले आहे.

देशाचा कायदाही याच बाजूने आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यानुसार त्यांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्या मुलाविरुद्ध अर्ज करण्याची वेळ कोणावर येऊ नये, पण असा अर्ज करणाऱ्या आईला मंडळीत ‘विश्वासात कमी पडली’ असे म्हणणारे लोक मार्काच्या सातव्या अध्यायात कोणाच्या बाजूला उभे आहेत, ते त्यांनी स्वतः तपासावे.

याला जोडून मृत्युपत्राचाही प्रश्न येतो. भारतीय वारसा अधिनियम, 1925 च्या कलम 118 नुसार, पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवायची असल्यास मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करावे लागत असे. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हे कलम भेदभाव करणारे म्हणून रद्द केले. आता कायद्याची ती आडकाठी उरलेली नाही, म्हणूनच आजारी माणसाच्या उशाशी बसून मंडळीसाठी मृत्युपत्र लिहून घेताना त्याच्या विधवेचे पुढे काय होणार, हे विचारण्याची जबाबदारी मंडळीवरच येते.

‘मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांस पुरू दे’ (लूक 9:60). माझे आई-वडील हिंदू आहेत. त्यांच्या अंत्यविधीला मी जावे का?

जावे. येशूशी बोलणाऱ्या त्या माणसाचा बाप त्याच दिवशी वारला असता तर तो रस्त्यावर चर्चा करत उभा नसता, कारण यहुदी रिवाजात दफन शक्यतो त्याच दिवशी होत असे. म्हणून बाप अजून जिवंत असावा, किंवा वर्षभराने अस्थी गोळा करून पेटीत ठेवण्याचा दुसरा विधी बाकी असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कोणताही अर्थ घेतला तरी येशूचा रोख चालढकलीवर आहे. शोक करणाऱ्या मुलाला तो घरातून हाकलत नाही.

दवाखान्यात रात्री जागणे, बिल भरणे, खांदा देणे, वैकुंठ स्मशानभूमीत शेवटपर्यंत थांबणे, यांपैकी कशालाही शुभवर्तमानाची मनाई नाही. अग्नी देणे, पिंडदान आणि पुढचे विधी यांविषयी सद्सद्विवेकाचा प्रश्न खरा आहे आणि मंडळीगणिक मते वेगळी आहेत. आई-वडील हिंडते-फिरते असतानाच त्यांच्याशी व काका किंवा चुलतभावाशी बोलून कोणी काय करायचे हे ठरवावे. अंत्ययात्रा दारात असताना या विषयावर सर्वांसमोर वाद घालणे ही साक्ष नव्हे.

पती किंवा पत्नी विश्वासात नसेल, तर शिष्य म्हणून वेगळे व्हावे का?

पौलाचे उत्तर सरळ आहे : विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहायला तयार असेल, तर त्याला सोडू नये (1 करिंथ 7:12-13). येशूचे शिष्य घरदार सोडून गेले म्हणून त्यांनी बायका टाकल्या असे समजू नये. पेत्राच्या सासूला येशूने त्यांच्याच घरी जाऊन बरे केले (मार्क 1:29-31), आणि पुढे पेत्र आपल्या पत्नीला बरोबर घेऊन प्रवास करत असे (1 करिंथ 9:5).

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक मोठे उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या कथेचा शेवट गोड झाला म्हणून मधल्या वर्षांत त्या बाईने काय सोसले, ते आपण विसरतो. निर्णय एकाने घेतला आणि समाजाचे बोलणे दुसऱ्याने ऐकले, असे ज्या घरांत घडते, तेथे जोडीदाराला वेळ देणे हेसुद्धा शिष्याचे कर्तव्य आहे.

नवरा मारहाण करतो. ‘देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये’ म्हणून सहन करावे का?

नाही. हे वचन (मार्क 10:9) पुरुषाने सूटपत्र लिहून बायकोला घालवून द्यावे की नाही, या वादात उच्चारले आहे. लहानशा कारणावरूनही बायकोला टाकता येते असे म्हणणारा एक मतप्रवाह त्या काळी होता आणि येशू त्या सवलतीला आळा घालतो. दुबळ्या बाजूच्या रक्षणासाठी उच्चारलेले वचन तिलाच बांधून ठेवण्यासाठी वापरणे हा वचनाचा विपर्यास आहे. जीव आणि मुले सुरक्षित ठिकाणी हलवणे प्रथम, बाकीची चर्चा नंतर. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा सर्वधर्मीय स्त्रियांना लागू आहे.

‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे’ (मार्क 10:25) यातले सुईच्या नाकातून जाणे म्हणजे यरुशलेमच्या एका लहान दरवाजातून वाकून जाणे, असे आम्ही प्रवचनात ऐकले आहे. ते खरे आहे का?

असा दरवाजा येशूच्या काळी होता याला कोणताही पुरावा नाही. ही कथा फार नंतरची आहे. तालमूद या यहुदी ग्रंथातही सुईच्या नाकातून जाणाऱ्या हत्तीचा उल्लेख अशक्य गोष्टीसाठी येतो. शिष्यांना येशूचे म्हणणे बरोबर कळले होते, म्हणूनच ते थक्क होऊन ‘मग कोणाचे तारण होईल?’ असे विचारतात, आणि माणसांना हे अशक्य आहे असेच उत्तर त्यांना मिळते (मार्क 10:26-27). दरवाजाची कथा सांगितली की ओझे थोडे कमी करून सगळ्यांनाच आत शिरता येते, आणि पहिल्या रांगेतल्या देणगीदारांनाही बरे वाटते.

मग प्रत्येक शिष्याने सर्व विकलेच पाहिजे का?

शुभवर्तमानांत एकच साचा नाही. सार्वकालिक जीवनाविषयी विचारायला आलेल्या श्रीमंत माणसाला येशूने सर्व विकण्यास सांगितले (मार्क 10:21). जकातदार जक्कयाने आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक 19:8), जेव्हा कबूल केलेल्या लबाडीबद्दल नियमशास्त्र मूळ रक्कम आणि तिचा पाचवा हिस्साच मागत होते (लेवीय 6:5). मग्दालीया मरिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना आणि सुसान्ना या स्त्रिया आपल्या पैशातून येशू व त्याच्या शिष्यांचा खर्च चालवत होत्या (लूक 8:2-3); पैसा त्यांच्याच हाती राहिला, पण तो कोणासाठी खर्चायचा हे बदलले. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्याला पेत्र स्पष्ट सांगतो की जमीन विकण्याआधी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. त्याचा गुन्हा खोटे बोलण्याचा होता (प्रेषितांची कृत्ये 5:4).

तरीही ‘ती आज्ञा फक्त त्या एका माणसाला होती’ या वाक्याचा आधार ज्याला लगेच घ्यावासा वाटतो, त्याने तो शेवटी घ्यावा. जक्कयाच्या गोष्टीतला आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेला भाग दानाचा नसून परतफेडीचा आहे. बुडवलेली उधारी, भाडेकरूची अडवून ठेवलेली अनामत रक्कम, भावाच्या नावावरचे पैसे यांचा हिशेब पुरा झाल्याशिवाय मंडळीच्या इमारत निधीला मोठा धनादेश देऊन काही साधत नाही.

घरकर्ज, मुदत ठेव, विमा घेणे म्हणजे अविश्वास का? ‘उद्याची चिंता करू नका’ असे म्हटले आहे ना?

मत्तय 6 मधली मनाई काळजीने पोखरले जाण्याला आहे, नियोजनाला नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणारा माणूस येशूनेच दाखल्यात आणला आहे (लूक 14:28). लूक 12 मधला श्रीमंत माणूस कोठारे बांधतो तेवढ्याने मूर्ख ठरत नाही. त्याचे बोलणे नीट ऐका : माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. त्या सबंध स्वगतात दुसरे माणूसच नाही.

हिंजवडीला नोकरी आणि वाकडला फ्लॅट घेतलेल्या जोडप्याने हप्ता इतका मोठा घेऊ नये की रात्रीचे काम, रविवारचे काम आणि मुलांशी न बोलणे हे सगळे त्या हप्त्याच्या नावाने क्षम्य ठरावे. दोन धन्यांची चाकरी (मत्तय 6:24) आजकाल पुष्कळदा बँकेच्या हप्त्याच्या रूपाने येते.

दशांश पूर्ण पगारावर काढावा की हातात येणाऱ्या रकमेवर?

शुभवर्तमानांत शिष्यांसाठी टक्केवारीचा नियम नाही. दशांशाचा उल्लेख येतो तो पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश काटेकोर देऊन न्याय, दया व विश्वास विसरणाऱ्यांना दिलेल्या फटकाऱ्यात (मत्तय 23:23). ते करायचे आणि हेही सोडायचे नव्हते, असे येशू तेथे म्हणतो. अनुवाद 14:28-29 नुसार दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाता यावे म्हणून होता. त्यामुळे रक्कम कशावर काढायची याइतकेच, ती कोणापर्यंत पोचते हेही पाहावे. दहावा हिस्सा ही चांगली सवय आहे. पाकीट न भरल्याबद्दल नावे वाचून दाखवणे ही वाईट सवय आहे.

विधवेने दोन नाणी टाकली. मग गरिबांनीही सर्व द्यावे असा बोध नाही का?

ही गोष्ट मार्क 12:41 पासून वाचली तर तसे वाटते. एक ओळ मागे जावे. चाळिसाव्या वचनात येशू लांब प्रार्थनांचे ढोंग करून ‘विधवांची घरे गिळणाऱ्या’ शास्त्र्यांविषयी बोलतो, आणि लगेच एक विधवा आपली संपूर्ण उपजीविका भांडारात टाकताना दिसते. तिची दोन नाणी मिळून दिनाराचा, म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा, चौसष्टावा भाग होत असे. पुढच्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू सांगतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. ज्या मंदिरासाठी तिने सर्व दिले ते तिचे घर गिळणाऱ्यांच्या ताब्यात होते, हे मार्क आपल्याला विसरू देत नाही.

तिच्या दानाची थोरवी येशू स्वतः सांगतो, ती कोणी कमी करू नये. पण ‘बियाणे पेरा, शंभरपट मिळवा’ म्हणून एखाद्या बाईचे मंगळसूत्र किंवा पेन्शनचे पैसे मागणाऱ्या वक्त्याला ही गोष्ट सांगण्याचा अधिकार नाही. शंभरपटीच्या वचनात ‘छळासह’ असे शब्द आहेत (मार्क 10:30); समृद्धीच्या सभांत ते ऐकू येत नाहीत. याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या विधवा आणि मुलींसाठी मुक्ती सदन उभे केले. तेथे विधवांना घर मिळाले, शिक्षण मिळाले आणि हाताला काम मिळाले. पैसा विधवेकडून निघून कोठे जातो, आणि विधवेपर्यंत कोठून येतो, ही तपासणी प्रत्येक संस्थेला लावता येते.

वडिलांच्या जमिनीला आता मोठा भाव आला आहे. बहिणीने ख्रिस्ती प्रेमाने हक्कसोडपत्र द्यावे, अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे का?

वाघोली, मांजरी, उरुळीकडच्या जमिनींचे भाव वाढल्यापासून हा प्रश्न फार येतो, आणि तो सहसा भावाकडून येतो. भारतीय वारसा अधिनियमानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला आणि दोन तृतीयांश मुलांना समान जातो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही.

लूक 12:13 मध्ये एक जण येशूला सांगतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू न्यायाधीश होण्याचे नाकारतो, पण नंतरचा इशारा सर्वांना देतो : लोभापासून सांभाळा. तो नकार ऐकून वाटणी हा क्षुल्लक विषय आहे असा निष्कर्ष काढणारा भाऊ बहुधा जमिनीचा ताबा असलेलाच असतो. बहिणीला आधी हिशेब दाखवावा, सातबारा आणि बाजारभाव तिच्यापुढे ठेवावा, तिच्या वाट्याचा आकडा कागदावर लिहावा आणि तिला विचार करायला वेळ द्यावा. एवढे झाल्यावर तिने स्वखुशीने काही सोडले, तर ते तिचे दान होईल. राखीच्या दिवशी जेवायला बोलावून, पाळकसाहेबांना मध्ये बसवून, दुय्यम निबंधक कार्यालयात उद्याची वेळ घेतली आहे असे सांगून मिळवलेल्या सहीला दान म्हणता येत नाही. पाळकांनीही येशूप्रमाणे अशा बैठकीला बसण्याचे नाकारावे.

शिष्य व्हायचे म्हणजे नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावे लागते का?

काहींना जावे लागते. बिबवेवाडीच्या आणि रामवाडीच्या धर्मशिक्षण संस्थांत देशभरातून असे विद्यार्थी येतात. बहुतेकांना जावे लागत नाही. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत असे (प्रेषितांची कृत्ये 18:3). निर्णय घेण्याआधी जोडीदाराची मनापासून संमती, मुलांची फी, आई-वडिलांचे औषध आणि फेडायचे कर्ज यांचा हिशेब वहीत मांडावा. त्या हिशेबाला कमी विश्वास म्हणणाऱ्याला लूक 14:28 दाखवावे, आणि हिशेबाच्या आडून वर्षानुवर्षे निर्णय टाळणाऱ्याला त्याच अध्यायाचे तेहतिसावे वचन : आपल्या सर्वस्वाचा त्याग न करणारा माझा शिष्य होऊ शकत नाही.

आम्ही रविवारी उपासनेला जातो. घरी काम करणाऱ्या मावशींनी त्या दिवशी सुट्टी मागितली तर पगार कापावा का?

कापू नये. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला धनी (मत्तय 20) संध्याकाळ होताच सर्वांना मजुरी देतो, आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार देतो. अनुवाद 24:15 नुसार गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची असते. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आधीच ठरवून द्यावी, आजारपणाचे खाडे मोजू नयेत, आणि पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला, मावशींनी मागण्याआधी द्यावा.